एकच उत्तर असलेला दिवस

मी पायाळू. आईच्या पोटातून पाय आधी आणि डोकं मागून असा आलो, आणि त्याबद्दल आईने मला जन्मभर ऐकवलं. चहा पिऊन झाल्यावर साखर मागितली, अंगावर पाणी घेतल्यावर टॉवेल शोधायला लागलो, की तिचं ठरलेलं होतं, “पायाळूच तो. आधी कळस, मग पाया.” आणि एवढं असून पोट भरायला मी धंदा कुठला धरावा? तर लोकांना घटनांचा क्रम लावायला सांगण्याचा.

स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकात बुद्धिमत्ता चाचणीचा एक भाग असतो. त्यात ‘खालील घटना तर्कशुद्ध क्रमाने लावा’ असा प्रश्न हमखास येतो. बेल वाजली, दार उघडलं, पाहुणा खुर्चीत बसला, पाणी आणलं. मुलांना वाटतं हे प्रश्न आभाळातून पडतात. तसं नसतं. माझ्यासारखा कुणीतरी खिडकीजवळ बसून, डोकं खाजवत ते तयार करतो आणि त्यावर घर चालवतो.

घर म्हणजे आई, ताई आणि मी. लग्न आम्हा दोघांपैकी कुणीच केलं नाही. ताईला कुणी पसंत पडला नाही आणि मी कुणाला पडलो नाही. ताई माझ्याहून बरीच मोठी, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली. माझा कुठलाही प्रश्न छापायला जाण्याआधी तिच्या हाताखालून जायचा. पद्धत साधी होती. प्रत्येक घटना वेगळ्या चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठ्या पत्त्यांसारख्या पिसायच्या आणि जेवणाच्या टेबलावर ताईसमोर टाकायच्या. मी बोलायचं नाही, चेहराही करायचा नाही. ती क्रम लावायची. माझ्या मनातला क्रम बरोबर लागला तरी ती तिथे थांबत नसे. मग ती शेजारच्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल करून बघायची, आणि तरीही गोष्ट जमत असेल तर प्रश्न बाद. “ही सुटी आहे,” एवढं म्हणून ती चिठ्ठी माझ्याकडे सरकवून द्यायची. माझ्या नाकावर राग असतो हे तिला माहीत होतं. पण अदलाबदल करून बघितल्याशिवाय तिने एकही प्रश्न कधी सोडला नाही.

सुट्या चिठ्ठीला जागच्या जागी बसवायला एखादा तपशील घालावा लागतो. त्याला आमच्या घरात खिळा म्हणायचे. समजा, दूध तापवलं आणि वर्तमानपत्र आलं, यात आधी काय नि नंतर काय? काहीही चालेल. पण उतू गेलेलं दूध वर्तमानपत्राने पुसलं असं लिहिलं, की वर्तमानपत्र आधी आलंच पाहिजे. झाला खिळा. असे खिळे मारण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आई पलंगावरून आमचा खेळ बघायची. “खऱ्या घरात असं कधी असतं का रे?” म्हणायची. “माझं तर आधी दूध उतू जातं, मग मला आठवतं की गॅसवर काहीतरी ठेवलंय.” ती चेष्टेत म्हणायची, पण ते खरंच होतं. घरात जसं घडलं तसं लिहिलेला माझा एकही प्रश्न ताईपुढे कधी टिकला नाही. खऱ्या दिवसातल्या चिठ्ठ्या निम्म्याअधिक सुट्याच असतात. खिडकी कधीही उघडली जाते, कुणी कधीही पाणी पितं, त्याला कारण लागत नाही.

मग आईने अंथरूण धरलं. डॉक्टरांनी आशा लावली नाही, पण लगेच काही होईल असंही सांगितलं नाही. त्याच सुमारास मला एका परीक्षेची प्रश्नपत्रिका काढायला बोलावणं आलं. हे काम गुप्त असतं. दूरच्या गावी एका विश्रामगृहात ठेवतात, फोन दारातच काढून घेतात आणि काम संपेपर्यंत बाहेर सोडत नाहीत. मी नको म्हणत होतो. आईनेच हाकललं. “जा. इथे बसून माझे श्वास मोजणार आहेस? आणि जाताना डबा घे, नाहीतर नेहमीसारखं वरातीमागून घोडं.” डबा मी विसरलोच. ताई जिन्यात धावत आली तो घेऊन.

तिथे एका सकाळी अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं, घरून निरोप आहे म्हणाला, आणि माझा फोन माझ्या हातात दिला. मी मिळेल ती बस धरली. बसमधून ताईला फोन केला तर म्हणाली, “जमेल तितक्या लवकर ये.” तिला धाप लागलेली होती. थोड्या वेळाने पुन्हा केला, तेव्हा नुसतं “लवकर” म्हणाली आणि ठेवला. समोरची गाडी आमच्या गाडीला वाट देत नव्हती की आमची समोरच्या गाडीला, कुणास ठाऊक, पण मी ड्रायव्हरशी भांडलो. मग जेवणासाठी बस थांबली तिथून तिसऱ्यांदा फोन केला. या वेळी ताईचा आवाज एकदम शांत होता. “झोप लागलीय तिला,” ती म्हणाली. “आता सावकाश ये. घाईत रस्ता ओलांडू नकोस.”

केवढा जीव भांड्यात पडला माझा. मी तिथे उभ्याने चहा घेतला. बिस्किटंही खाल्ली.

संध्याकाळच्या आधी घरी पोचलो. ताईने तोंडावर बोट ठेवूनच दार उघडलं. आईच्या खोलीत पडदा ओढलेला होता. स्वच्छ चादर, केस विंचरलेले, चेहरा एका कुशीला. उजवा हात गरम पाण्याच्या पिशवीवर ठेवलेला होता. तो हातात घ्यावा म्हणून मी पिशवी बाजूला सारली तर तळव्याला चटका बसला. मी ती चादरीच्या टोकाने धरून पायथ्याशी ठेवली. आईचा हात ऊबदार होता. तिचा श्वास गेले काही दिवस इतका हलका झाला होता की चादर हललेलीही दिसायची नाही, म्हणून मी श्वास बघत बसलो नाही. मी बोलत बसलो.

काय काय बोललो. जायला नको होतं, तुझं ऐकलं म्हणून गेलो, आता ऊठ आणि मला बोल, म्हणालो. गुप्ततेची शपथ घेतली होती तरी तिला सांगितलं, की एका प्रश्नात तुझं उतू गेलेलं दूध घातलंय, हजारो पोरं तुझ्या दुधावर डोकं फोडणार आहेत. मला वाटलं ती हसली. खरंच वाटलं. ताई स्वयंपाकघरात होती, पण भांड्याचाही आवाज नव्हता.

बऱ्याच वेळाने ताई आत आली. माझ्या खांद्यावर हात ठेवून ती वाकली, आईच्या नाकाशी बोटं धरली, आणि म्हणाली, “गेली रे. इतकी शांत गेली की तुला कळलंसुद्धा नाही.”

मी ओरडून रडलो. ताईने माझं डोकं पोटाशी धरलं. डॉक्टर आले, त्यांनी आईला तपासलं, ताईकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि “त्रास नाही झाला त्यांना” एवढंच म्हणाले.

त्यानंतर जो भेटेल त्याला मी सांगायचो, की मी असतानाच गेली. हातात हात होता. ऐकणारे म्हणायचे नशीबवान आहेस, आणि मला ते पटायचं. बाकी काही बरं वाटण्यासारखं उरलं नव्हतं, पण हे एक होतं. त्या वाक्यावर मी झोपायचो आणि त्यावरच उठायचो. ताईला मी पुन्हा पुन्हा विचारायचो, मी येईपर्यंत काय काय झालं, सांग ना. ती न कंटाळता सांगायची. सकाळी अंग पुसायला पाणी तापवलं. हात गार लागत होते म्हणून त्यातलं थोडं आधी पिशवीत भरलं. उरलेल्या पाण्याने अंग पुसलं, त्यात चादर भिजली म्हणून बदलली. ओली चादर वाळत घालायला गेले तर ऊन सरळ तिच्या डोळ्यावर येताना दिसलं, म्हणून पडदा ओढला. खोलीत अंधार झाल्यावर तिला झोप लागली. आणि तू आलास.

दर वेळी हेच, आणि याच क्रमाने.

काही महिने गेले. पुस्तकाच्या संपादकांचा फोन आला. घटनाक्रमाचे नवे प्रश्न हवेत, म्हणाले, लोक तुमच्या त्या दुधाला कंटाळलेत. एका सुट्टीच्या सकाळी मी खिडकीजवळ बसलो. डोक्यात त्या दिवसाशिवाय दुसरं काही येईना. मग म्हटलं, तेच लिहावं. आई म्हणायचं नाही, ‘आजारी बाई’ म्हणायचं. मुलगा म्हणायचं नाही, ‘पाहुणा’ म्हणायचं. कुणाला कळणार आहे? निदान तिची शेवटची सकाळ कुठेतरी छापून राहील. मी चिठ्ठ्या केल्या. आता यांतल्या सुट्या कुठल्या हे बघावं, म्हणजे खिळे मारता येतील, म्हणून मी ताई करते तशी अदलाबदल करायला लागलो.

एकही चिठ्ठी हलेना.

पाण्याशिवाय पिशवी नाही, पिशवी भरल्याशिवाय पुसायला ‘उरलेलं’ पाणी नाही. पुसल्याशिवाय चादर भिजत नाही, भिजल्याशिवाय बदलत नाही, वाळत घातल्याशिवाय ऊन दिसत नाही, ऊन दिसल्याशिवाय पडदा नाही, पडद्याशिवाय झोप नाही. एकूण एक चिठ्ठी ठोकून बसवलेली. आयुष्यभर मी घरातल्या खऱ्या गोष्टी लिहून आणल्या आणि त्या पडल्या, आणि ही तेवढी पहिल्या फटक्यात टिकली? आई मरत असतानाचा दिवस कुणाचा इतका नेटका असतो? मला त्या चिठ्ठ्यांमध्ये ताईचा हात दिसायला लागला. हस्ताक्षर माझं होतं, पण खिळे तिचे होते.

तरी मी स्वतःला समजावलं, की ताईच ती, सांगतानाही नीटच सांगणार. आणि मग पिशवीच्या चिठ्ठीवर नजर थांबली. सकाळी भरलेली पिशवी. मी पोचलो तेव्हा दिवस कलला होता, आणि तिने माझा तळवा भाजला होता. पाणी गरमाचं गार होतं, गाराचं आपोआप गरम होत नाही. हे पहिल्या इयत्तेतलं पोरगंही क्रमात बरोबर लावेल.

असेल, मध्ये पुन्हा भरली असेल, सांगायचं राहिलं असेल. पण आईचा हात होता तिच्यावर. चहा जरा कढत असला तर जी घरभर बोंब मारायची, तिचा हात त्या पिशवीवर गप्प होता. आणि ताई? आईच्या अंगाला लागायचं पाणी ती आधी स्वतःच्या कोपरावर घेऊन बघायची. जिवंत माणसाच्या हाताखाली ताईने ती पिशवी ठेवलीच नसती.

मला ‘लवकर ये’ आठवलं, आणि त्यानंतरचं ‘सावकाश ये’ आठवलं. चहा आठवला. बिस्किटं आठवली.

मी उठलो. रागारागाने चिठ्ठ्या गोळा केल्या. राग आईच्या मरणाचा नव्हता, ते दुःख वेगळं. माझ्या हातातलं ते एक वाक्य कुणीतरी काढून घेतलं होतं, आणि ज्याने काढून घेतलं त्यानेच ते दिलेलं होतं. मी कुणाशी बोललो त्या दिवशी? कुणाला सांगितलं दुधाचं?

ताई स्वयंपाकघरात पालक धूत होती. मी चिठ्ठ्या पिसल्या आणि नेहमीसारख्या टेबलावर टाकल्या. तिने हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि पहिली चिठ्ठी वाचली. वाचून थांबली. मग एकेक लावत गेली. पाणी, पुसणं, चादर, वाळत घालणं, पडदा, झोप, पाहुणा. पिशवीची चिठ्ठी तिने शेवटपर्यंत हातात धरली होती.

“ठेव की,” मी म्हणालो.

तिने ती पाण्याच्या चिठ्ठीनंतर ठेवली, जिथे ती तिच्या सांगण्यात होती. आणि जन्मात पहिल्यांदा तिने अदलाबदल करून बघितली नाही.

“ताई, पिशवी पोळत होती.”

ती चिठ्ठ्यांच्या कडा सरळ करत राहिली. मग वर बघून म्हणाली, “तुला भाजलं होतं का रे तेव्हा?”

मी जाब विचारायला आलो होतो आणि ही माझ्या तळव्याची चौकशी करत होती. मी तोंडाला येईल ते बोललो. म्हणालो, माझ्या आईचं मरण माझ्यापासून लपवायचा हक्क तुला कुणी दिला. म्हणालो, अख्ख्या जगाला मी सांगत सुटलो आणि तू शेजारी उभं राहून मान हलवत होतीस. म्हणालो, तू मला प्रेताशी बोलायला लावलंस. हा शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि मलाच कसंतरी झालं. तिने सगळं ऐकून घेतलं. मधे एकदा उठून तिने नळ तेवढा बंद केला.

मग तिने सांगितलं. माझा दुसरा फोन आला तेव्हा आई होती. तिसरा आला तेव्हा नव्हती. “बसमध्ये परक्या लोकांत तू एकटा,” ती म्हणाली. “तिथे कसं सांगणार होते? म्हटलं घरी आल्यावर सांगू. मग तिचा हात धरला तर गार पडत चाललेला. तू आल्या आल्या हातच धरणार, मला माहीत होतं. म्हणून पाणी ठेवलं. किती तापलं ते कळलंच नाही मला.”

मी येईपर्यंत ती आईचे केस विंचरत होती आणि काय सांगायचं ते जुळवत होती. कशानंतर काय, हे मनातल्या मनात उलटसुलट करून बघत होती. मला कुणीही कशातही फसवावं, पण क्रमात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक. “खरं काय झालं त्यातलं काहीच एकमेकाला धरून नव्हतं रे,” ती म्हणाली. “खिडकी उघडली, ती कशाला उघडली आठवत नाही. आई दोनदा तुझं नाव घेऊन काहीतरी म्हणाली, ते मला समजलं नाही. पाणी मागितलं, मग नको म्हणाली. सगळं सुटं. तुला ते देऊन काय करणार होतास तू?”

मी खाली चिठ्ठ्यांकडे बघत होतो. रागाला धरायला काही मिळतंय का ते शोधत होतो, आणि शोधता शोधता मला दिसलं की या साऱ्या क्रमात ताई कुठे नाहीच. पाणी तापवणारे हात तिचे, चादर बदलणारे हात तिचे, पडदा ओढणारा हात तिचा. आई होती, मी होतो, ऊनसुद्धा होतं. तिची एक चिठ्ठी नव्हती.

“आणि तू?” मी विचारलं. “तू कधी रडलीस?”

ताईने विचार केला. शाळेत एखाद्या पोराने अडचणीचा प्रश्न विचारल्यावर करायची तसा, खरोखरीचा.

“तेव्हा नाही. तू बेल वाजवणार होतास. डोळे लाल दिसले असते.”

“आणि नंतर?”

“नंतर तू रडत होतास.”

आईजवळ बसायची ती शेवटची वेळ तिची होती. आईजवळ ती एकटी होती आणि तिला हवं तितकं रडता आलं असतं. ती सगळी तिने माझ्यासाठी पाणी तापवण्यात घालवली. मला मिळाला तो निरोप खोटा होता, पण मिळाला तरी. तिला तोही नाही. आणि मी महिनोन्‌महिने तिलाच विचारत होतो, की सांग ना, पुन्हा सांग.

मी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसलो आणि तिचा हात हातात घेतला. पालक धुऊन तो गार पडला होता. ती तो सोडवून घेऊ लागली, “भाजी राहिलीय,” म्हणाली. मी सोडला नाही.

“आता काय उपयोग,” ती म्हणाली. “वरातीमागून घोडं.” ते तिने अगदी आईसारखं म्हटलं, त्याच सुरात, आणि मग ती रडायला लागली. आधी हुंदका आला की आधी डोळे भरले, हे मला इतक्या जवळ बसूनही सांगता येणार नाही.